गोडं पाणी

मालविकाताईंनी चौथ्यांदा सांगितलं, पाणी बदला. उज्वलाने चौथ्यांदा मान डोलावली आणि ब्रश त्याच मगात बुडवला.

मालविकाताईंच्या नांदेडच्या चित्रवर्गाची ही सहल. नांदेड-लातूरची अकरा माणसं, अंदमानातलं एक लहानसं बेट, पाच दिवस बसून नुसती चित्रं काढायची. आज शेवटचा दिवस होता. दुपार जागची हलत नव्हती. माडांच्या सावल्या वाळूवर निजल्या होत्या. माणसं बोलता बोलता मधेच गप्प होत होती आणि राहिलेलं वाक्य कुठं गेलं ते कुणी शोधत नव्हतं. समुद्र होता की आभाळच खाली उतरून पसरलं होतं, हे डोळे बारीक केले की नीटसं कळत नव्हतं.

सगळ्यांचे समुद्र निळे झाले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या वीरभद्रअप्पांचा तर निळीत बुचकळून काढल्यासारखा. एकट्या उज्वलाचा समुद्र मातकट होता, आणि तो पाचही दिवस तसाच. दोष हाताचा नव्हता, मगाचा होता. सकाळी भरलेल्या एकाच मगात ती दिवसभर ब्रश धुवायची. निळ्यात पिवळा, पिवळ्यात तांबडा मिसळत जायचा आणि दुपारपर्यंत मगात नुसता गाळ.

कळत होतं, पण हात ऐकत नव्हता. लातूरच्या घरी भाजी धुतलेलं पाणी फरशीला जायचं आणि फरशीचं कुंडीला. दुष्काळात रेल्वेने पाणी आलं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण हाताला ते कुणी कळवलंच नव्हतं. संध्याकाळी ती तो मग माडाच्या बुंध्याशी रिता करायची, तेवढं पटायचं. पण एवढ्याशा रंगासाठी मधेच ओतून दुसरा भरायचा? समुद्रात ओता की, असं मालविकाताई काल हसत म्हणाल्या होत्या. गोडं पाणी खाऱ्यात ओतायचं, हे नुसतं ऐकूनच तिला कसंतरी झालं होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरी सासूबाई वाट बघत होत्या. धोंडाबाई ऐंशीच्या पुढच्या. जन्मात समुद्र पाहिलेला नाही. एकटी कशी जाऊ म्हणून उज्वला अडून बसली होती, तेव्हा त्यांनीच तिची बॅग दाराशी आणून ठेवली. वर सांगितलं, समुद्र काढून आण, फोटो नको, फोटोत सगळं सारखंच दिसतं. आता त्यांच्या उरलेल्या एका डोळ्याचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी कसलाच शब्द दिला नव्हता. दाखवायचं तर आजच, फोनवर.

उज्वलाने शेवटच्या कागदाकडे बघितलं. तोही मातकट. तिला रडू आलं, आणि पन्नाशीच्या बाईने चित्रावरून रडावं याचीही लाज वाटली.

मालविकाताईंनी आपलं निळंशार चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. हे दाखवा म्हणाल्या, कुणी काढलं ते त्यांना काय कळतंय.

फोन लागला. पलीकडे तिचा नवरा उद्धव फोन धरून उभा होता आणि धोंडाबाई पडद्याला नाक लावून बघत होत्या. उज्वलाने निळं चित्र समोर धरलं.

"निळा तर आपला ड्रम बी हाय," धोंडाबाई म्हणाल्या. "पाणी दाव."

उज्वलाचा हात खाली आला. "आत्या, हे माझं नाही. माझं बिघडलंय."

"दाव की."

तिने आपला कागद वर धरला. पलीकडून आवाज येईना. उद्धवला वाटलं फोन अडकला, तो हलवायला लागला. अडकला नव्हता. धोंडाबाईंचा डोळा इतका जवळ आला होता की उज्वलाच्या हातातला सगळा फोनच डोळा झाला होता, ओला, कडेने दुधाळ.

"गढूळ हाय," त्या हळूच म्हणाल्या. "नवं पाणी आलंय गं." पहिल्या पावसाचं गढूळ पाणी नदीला आलं की त्या काठावर जाऊन त्याला हळदकुंकू वाहायच्या.

मग त्यांनी उद्धवला कुंकवाचा करंडा आणायला पिटाळलं. तो फोनसकटच आत गेला. उज्वलाला बेटावर बसून आपलं घर तरंगताना दिसलं: छताचा पंखा, मोरीजवळचे निळे ड्रम, देव्हारा, परत पंखा. मग धोंडाबाईंचं कुंकू लागलेलं बोट पुढे आलं, मोठं होत होत फोनवर टेकलं, आणि इकडे सगळा पडदा लालसर काळोखाने भरला.

काळोखातून आवाज आला, "तू बी काहीतरी वाह. नव्या पाण्यापसून तशीच माघारी येऊ न्हाई."

उज्वलाने इकडे तिकडे बघितलं. हळद नाही, फूल नाही. तिने रंगाच्या पाण्याचा मग उचलला. माडाचा बुंधा मागे टाकून ती वाळूवरून चालत गेली, लाट पावलांवर येईपर्यंत, आणि दिवसभराचं पाणी दोन्ही हातांनी समुद्राला वाहिलं.

तिच्या पायाशी, तेवढ्यापुरता, समुद्र गढूळ झाला.