हात मिळवायचा राहिला

टेबल टेनिसच्या फायनलचा शेवटचा पॉइंट मिळाला आणि मला आभाळ ठेंगणं वाटू लागलं. हातातली बॅट उंच भिरकावली, ती कुठे पडली हेही न बघता धावत जाऊन सरांच्या गळ्यात पडले.

मग हात मिळवायला वळले, तर समोरची डावखुरी टेबलाआड पाठ करून उकिडवी बसलेली.

“तोंड लपवायला टेबल बरं सापडलं हिला! साधा हातही मिळवत नाही,” मी सरांना म्हणाले, मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा आवाजात. सर तिच्या हातांकडे बघत होते.



सकाळी पंचांनी माझी बॅट तपासणीत बाद केल्यावर तिनेच मला खेळायला दिलेल्या तिच्या बॅटचे दोन तुकडे घेऊन ती उठली आणि म्हणाली, “छान खेळलीस.”