भिंतीचं पोट

"डावा डोळा झाका आणि रेघा कशा दिसतात सांगा," डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. समोर चौकटी-चौकटींचा कागद होता. गवंड्याच्या सवयीने त्यांनी वरून खाली नजर सोडली. "वाकड्या आहेत. मधे पोट आलंय. कागदच चुकीचा छापलाय तुमचा."

"आता उजवा झाका."

रेघा सरळ होत्या. मिस्त्रींनी हात बदलून पाहिला. आणखी एकदा पाहिला. मग हात मांडीवर ठेवला.

बाई समजुतीने सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा बसवला, ते ऑपरेशन चांगलंच झालं होतं. पण कधी कधी पुढे त्याच पडद्यावर बारीक पापुद्रा धरतो, तो आकसतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. "दोन्ही डोळे उघडे असले की चटकन कळत नाही. कधीपासून होतंय?"

मिस्त्रींना उत्तर ठाऊक होतं. भिंत जोखताना चाळीस वर्षं ते डावाच डोळा मिटत आले होते.

"चारेक दिवस झाले असतील," मागून जावई म्हणाला. तोही गवंडी, त्यांच्याच हाताखालचा. महिन्यापूर्वी त्याने छातीपर्यंत आणलेली भिंत, मधे पोट आलंय म्हणत, मिस्त्रींनी दहा माणसांसमोर पाडायला लावली होती. त्याने ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ असल्याचं दाखवलं, तर म्हणाले होते, "दोरीचं मला सांगू नकोस. माझ्या मुलीने काय पाहिलं तुझ्यात?" घरी अहो-जाहो आणि कामावर अरे-तुरे, हा त्यांचा शिरस्ता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. आता त्याच जावयाने खोटं बोलून त्यांची लाज राखली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसले. मिस्त्री म्हणाले, "जावईबापू, ती भिंत सरळ होती."

"होती."

"मग दुसरी कशी बांधलीत?"

"तशीच. त्याच ओळंब्यावर."

"पण ती तर मला पटली. आता कशी नीट झाली, म्हणालो मी." मिस्त्रींच्या आवाजात जरा जीव आला. एकदा तरी डोळ्याने साथ दिली होती म्हणायची.

जावयाने फाईल या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "ती तुम्ही डोळा लावून पाहिलीच नाहीत, मामा. मी मान खाली घालून उभा होतो, तेवढंच पाहिलंत."