बिनमिठाची पेज

"आजी, या पेजेत मीठ घातलंय का?" डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नाही," मी मान ताठ ठेवून सांगितलं. माझ्या लेकाच्या, भिवाच्या मेंदूभोवती रक्त सांडलं ते बीपीनं, आणि बीपी चढलं ते सुनेच्या खारट हातानं, असं आठ दिवस मी अख्ख्या वॉर्डाला ऐकवत होते. दवाखान्याजवळच्या आमच्या खोलीतलं मीठ मी मोरीत ओतलं होतं. सून मालन बिचारी मुकाट अळणी जेवत होती.

पण कालपर्यंत नीट बोलणारा भिवा आज माझ्याकडं बघून म्हणाला, "या बाई कोण?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तस्रावानं शरीरातली हार्मोन्स बिघडलीत. लघवीवाटे मीठ वाहून चाललंय, म्हणून हा भ्रम. सलाइनमधून देतोय, पण जेवणातूनही जायला हवं."

"मग हे माझ्या पेजेनं झालं?"

"नाही. हे दुखणंच तसं आहे. आणि रक्त सांडलं तेही सुनेमुळं नाही."

मी स्टुलावर बसले.

मालननं पदराची गाठ सोडली. आत मिठाची पुडी होती. "मोरीत ओतायच्या आधी एवढं काढून ठेवलं होतं, आत्या. खाल्लं मात्र नाही."

भिवा परक्यासारखा माझ्याकडं बघतच होता. मी डबा तिच्यापुढं सरकवला.

"तूच घाल. आणि माझ्या भीतीनं हात आखडू नकोस."