टवटवीत

मास्तरांना बुटाची नाडी बांधता येईना. डायलिसिस संपलं होतं, सुया निघाल्या होत्या, दंडावर पट्टी बसली होती; पण जरा वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रक्त धुऊन परत घालताना कुणीतरी त्यात शिसं ओतलंय, असं त्यांना दर वेळी वाटे.

शेजारच्या खाटेवरचा मात्र टुणकन उठला. केसांवरून कंगवा फिरवला, शीळ घातली आणि "चला मास्तर, येतो!" म्हणत ताठ मानेने चालता झाला.

मास्तरांनी त्याचं नाव टवटवीत ठेवलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. वयाने त्यांच्याहून मोठा. आजार तोच, यंत्र तेच, मग याला थकवा कसा येत नाही? उभा जन्म शाळेच्या मैदानावर पोरांना पळवण्यात गेलेल्या मास्तरांना हे फार लागायचं. घरी गेलं की त्यांना फक्त पलंग दिसे. दुसरा दिवस उजाडला तरी हातातला घास जड वाटे.

उन्हाळ्यात तर त्यांनी हातच टेकले होते. "पुरे झालं. आता मी जाणार नाही," असं बायकोला सांगून भिंतीकडे तोंड केलं होतं. ती रडली, भांडली, शेवटी "निदान एकदा चला" म्हणून कसंबसं घेऊन आली. नेमका त्याच वेळी टवटवीत खिडकीजवळची चांगली खाट सोडून त्यांच्या शेजारी आला.

तेव्हापासून मास्तर एकदाही चुकले नव्हते. याच्यापुढे हार खायची नाही, एवढ्या एकाच जिद्दीवर. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चाकाच्या खुर्चीला नको म्हणून.

त्यात बायको! टवटवीत काही बोलला की ही खळखळून हसणार. त्याची उशी सरकली की हिलाच आधी दिसणार.

"इतकं हसण्यासारखं काय होतं?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"अहो, आनंदी माणूस आहे. बघून बरं वाटतं."

"आणि मला बघून?"

ती पिशवी आवरू लागली.

आज तिने नाडी बांधायला हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. दात आवळून स्वतःच गाठ मारली.

"बसा इथेच," ती म्हणाली. "गोळ्या घेऊन येते."

औषधांचं दुकान उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली. टवटवीत गेला होता त्या बाजूला.

मास्तर उठले. पायांत त्राण नव्हतं, पण संशय ओढून नेत होता. भिंतीला हात लावत चार पावलं, मग बाकावर टेकायचं, पुन्हा चार पावलं. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर ती हसली असती. बोळाच्या टोकाला मोडकी स्ट्रेचरं टाकायची खोली होती. दार लोटलेलं होतं. आतून तिचा दबका आवाज आला.

मास्तरांच्या कानशिलात रक्त चढलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच. त्यांनी फटीतून पाहिलं.

टवटवीत एका स्ट्रेचरवर आडवा पडला होता. चेहरा राखेसारखा, अंग घामाने भिजलेलं, हात लुळा होऊन खाली लोंबत होता. बायको त्याचे तळपाय चोळत होती. तिचे डोळे वाहत होते.

"बास करा आता, भाऊ," ती म्हणत होती. "दाराबाहेर पडलं की तुम्हाला उभंसुद्धा राहवत नाही. मी तुमच्याकडे हे मागायलाच नको होतं."

त्याला बोलायला दम पुरत नव्हता. डोळे न उघडताच त्याने विचारलं, "नको म्हणाले का परत? येणार नाही म्हणून?"

"नाही. त्यानंतर एकदाही नाही."

"मग चालू द्या, वहिनी. माझ्यावर जळताहेत तोवर येत राहतील."