मोटर ऐकून घ्या

जुन्या सामानाच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "हा उभा व्हॅक्यूम क्लीनर न्या. जाड पत्रा, कापडी पिशवी. पण आधी मोटर ऐकून घ्या."

आमच्याकडे अस्साच होता. अंथरुणाला खिळलेली आई दिवसभर "ढब्बू, पाणी दे रे" म्हणून हाका मारायची. त्या कानावर पडू नयेत म्हणून मी तो चालू करून ठेवायचो. ती गेली त्या दुपारीही चालूच होता. मग भंगारात काढला. पण घरातली शांतता सोसवेना.

दुकानदाराने बटण दाबलं. मोटर घुमू लागली. किती बरं वाटलं!

इतक्यात तो दाराकडे बघत ओरडला, "अहो, तुम्हीच का ढब्बू? बाहेर कुणी आजी मघापासून पाणी मागताहेत. थांबा, बंद करतो."

मी त्याचा हात घट्ट धरला.

"राहू द्या," मी म्हणालो. "चालूच राहू द्या."