बिनछपराची वाडी

हे लिहिणारच नव्हतो. लिहून त्या नकाशावरची एक रेघसुद्धा हलणार नाही. पण शैलेशच्या पोटात ते राहिलं नाही, आणि आता माझ्याही राहत नाही.

नकाशांच्या ऑफिसात शैलेश भिंगांवर वाकला होता. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून त्या जोडभिंगातून पाहिलं की डोंगर उठून उभे राहतात. मग झाड, विहीर, घर ओळखायचं आणि वरच्या फिल्मवर शाईनं काढायचं, हे त्याचं काम. आज पनवेलच्या मागच्या डोंगराखाली त्याला नुसत्या भिंती दिसत होत्या. छप्पर एकालाही नाही.

ती विठूची वाडी होती. शाळेत विठू त्याच्याच बाकावर बसायचा. दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते, आणि छपराचं गवत-वासे उतरवून तिथल्या खोपीसाठी नेते. विमान उडतं ते नेमकं त्याच दिवसांत, आभाळ साफ असतं म्हणून.

शैलेशनं छोटी छोटी घरं काढली. दामलेसाहेबांनी ती ब्लेडनं खरवडली.

"छप्पर नाही ते घर नाही. पडकं बांधकाम लिही."

"साहेब, माणसं राहतात तिथं. मी जेवलोय त्या घरांत."

"काय जेवलास?"

"खेकडे."

"मग फोटोत खेकडे दिसतायत का बघ."

सगळं ऑफिस हसलं. शैलेशचे कान तापले.

"साहेब, रस्ता जाणारे इथनं. घरं नाहीत म्हटल्यावर त्यांना दुसरी जागा कोण देणार?"

"हे बघ, आपण दिसतं तेच काढतो. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, इथं माझा बंगला होता, छप्पर तेवढं धुवायला टाकलंय. पुढच्या फोटोत दिसली तर काढू."

नकाशा त्याच दुपारी गेला. गुंडाळी करून नळीत शैलेशनंच भरला. नळीचं झाकण काही केल्या बसेना, तेव्हा त्यानं त्यावर बुक्की मारली.

संध्याकाळी तो सायकल हाणत भट्टीवर गेला. विठू कच्च्या विटा रचत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी नायच?"

"नकाशात नाय."

"मंग पावसाचा उडवा ना इमान. तवा आमी घरातच असतो."

"पावसात ढग असतात रे."

विठूनं हातातली वीट खाली ठेवली.

"मंग उडायच्या आदी सांग. येक रोज बुडवू, सगली जाऊ, छपरा चढवू. इमान गेला का परत उतरवू."

विमान कधी उडतं, हे शैलेशला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या टेबलावर फोटो येतात ते शिळे होऊन.

विठू भट्टीच्या धुरातून वर आभाळात बघत होता.

"सांगशील ना, शैल्या?"

"सांगतो," शैलेश म्हणाला. "आईशप्पथ सांगतो."