पडीक घरांची सफाई

खेळाच्या सर्व्हरवर कुठली प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, घालायची, ते ठरवायचं काम वस्तीनं तनुजावर टाकलं होतं. खेळात कुणी भिंत रचली की बाहेर माळावर यंत्रं तशीच भिंत उभी करत. खेळातली काढली की खरीही पाडत. अर्धवट, बेवारशी घरांना सगळे वैतागले होते. म्हणून दुपारी तिनं ‘सफाई’ नावाचं प्लगिन चालू केलं: मालक महिनाभर खेळात आला नाही, की घर साफ.

पाचच मिनिटांत रावजीमामांचा फोन आला. “तनू, यंत्रं आपलं छप्पर उतरवायला लागलीत गं!”

“मामा, आधी बाहेर या! आणि लगेच खेळात शिरा, म्हणजे थांबतील.”

“मला कुठला खेळ येतोय? घर तुझ्या मामीनं बांधलंय. तिच्याच नावावर आहे.”

मामीच्या पहिल्या मासिक श्राद्धाचं जेवण तनुजा सकाळीच त्या घरात जेवून आली होती.